ढमीचं मुसकं

रुंद छाती, भोपळ्याएवढं डोकं आणि जबडा असा की पाहणाऱ्याची बोबडी वळावी. बॅगवाल्याची कुत्री टेरिअरच्या त्या दणकट जातीची, जिचं नाव निघालं की लोकांना फक्त रक्ताच्या बातम्या आठवतात. घरात तिला ढमी म्हणत. मिक्सर लागला की ही वाघीण पलंगाखाली. बॅगवाल्याची आई तिच्या पाठीवर पाय टेकून भाजी निवडायची आणि वर दटावायची, "हलू नकोस गं मेले, पाय घसरतो."

इमारतीत कुरकुर होतीच. तरी तळमजल्यावरच्या शिकवणीच्या बाई तिला बिस्कीट भरवायच्या, त्यांच्याकडची पोरं तिचे कान ओढायची. तेवढ्यावर निभावत होतं.

मग सोसायटीचे चेअरमन बॅगवाल्याला म्हणाले, "लोकांच्या समाधानासाठी तोंडाला मुसकं बांधा ना. तुमचं काय जातंय?"

"बांधू नका," बायको म्हणाली. "न केलेल्या चोरीची बेडी कशाला घालून घ्यायची?"

पण गडी पडला कारागीर. तारेचं मुसकं त्याच्या नजरेला पटेना. बॅगांसाठी राखलेलं मऊ चामडं काढलं, पट्टे कापले, आतून अस्तर लावलं, पितळी बक्कल बसवलं. जीव ओतून शिवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बिस्किटाचा हात मागे घेतला. "चावायला लागली का हो?"

"छे, चेअरमन म्हणाले म्हणून."

"उगाच कोण बांधेल?"

पोरंही फिरकेनाशी झाली. इतकी वर्षं नुसता संशय होता, त्यावर यानं आपल्या हातानं शिक्का मारून दिला. अरे, भित्र्या माणसापुढे नमतं घेऊन तो कधी निवळलाय का? तुम्ही बोटभर मागे सरा, तो हातभर पुढे येतो.

आलाच. चेअरमनच्या खेळण्याएवढ्या केसाळ कुत्र्यानं जिन्यात ढमीचा कान फाडला. तोंड बांधलेली ती मालकाच्या पायामागे लपली. पायऱ्यांवर रक्त सांडलं आणि सगळी इमारत जमली.

"चावलं कोण?" बायकोनं विचारलं.

"प्रश्न तो नाही, वहिनी," चेअरमन म्हणाले.

"मग कुठला आहे?"

घर भाड्याचं. घरमालकाचा फोन आला: एक तर कुत्री, नाहीतर बिऱ्हाड.

ढमीला कुणी ठेवून घेईल का म्हणून बॅगवाल्यानं ओळखीतले सगळे उंबरे झिजवले. जातीचं नाव ऐकलं की समोरचा चहासुद्धा विचारेना. शेवटी तयार झाला तो एकटा भंगारवाला, त्याला गोदामावर राखण हवी होती. तो ढमीला न्याहाळत म्हणाला, "चावते ना? गरीब जनावर मला नको."

ढमी चावत नाही, हे सांगता सांगता बॅगवाल्याच्या घशाला कोरड पडली होती. आता खरं बोलला असता तर ती रस्त्यावर आली असती.

"चावते," तो म्हणाला.

भंगारवाल्यानं साखळी अडकवली आणि मुसकं सोडवलं. तोंड मोकळं होताच ढमीनं त्याचा हात चाटला. त्यानं हात विजारीला पुसला.

"ही सवय मोडावी लागेल," तो म्हणाला.