ऑर्व्हिलचा बिल्ला

ऑर्व्हिल केटरर माझ्या नजरेत भरला तो त्याच्या कोटामुळे. सेहेचाळीसचा उन्हाळा होता, आणि शेजारच्या मिसेस ब्रूनिंगच्या अंगणातलं गवत हा तरुण कोट घालून कापत होता. कोटावर कार्डिनल्सचा बिल्ला होता. कुणी रस्त्यानं गेलं की त्याचा हात बिल्ल्यावर जायचा, डाग झाकावा तसा.

सेंट लुईसमध्ये तेव्हा बेसबॉलचे दोन संघ होते, मैदान मात्र एकच. कार्डिनल्स जिंकायचे, ब्राउन्स हरायचे. नव्या माणसाला आमच्या गल्लीत नावाआधी संघ विचारत. मिसेस ब्रूनिंगचा मुलगा एल्मर कार्डिनल्सचा चाहता. तो युद्धात जर्मनीच्या सरहद्दीवर मारला गेला. ऑर्व्हिल त्याच्याच तुकडीतला, म्हणून दर रविवारी येतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

त्रेपन्नच्या सप्टेंबरात ब्राउन्सचा शेवटचा सामना होता. संघ शहर सोडून जाणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. बहिणीकडून परतताना मला मैदानासमोरच्या पायरीवर ऑर्व्हिल दिसला. कोटावर बिल्ला नव्हता.

"आत का नाही गेलास? अर्धं मैदान रिकामं असेल."

"कुणीतरी ओळखेल, बाई. मिसेस ब्रूनिंगच्या कानावर जाईल."

मी शेजारी बसले. मग तो बोलला.

चव्वेचाळीस साली चांगले खेळाडू लढाईवर गेले आणि ब्राउन्स प्रथमच अंतिम मालिकेत पोचले. समोर कार्डिनल्सच. तिसऱ्या सामन्याच्या संध्याकाळी तिकडे सरहद्दीवर खंदकात पहारा ऑर्व्हिलचा होता, आणि रेडिओ मागच्या तळघरात. लहानपणापासून हरणाऱ्यांसाठी घसा फोडलेला तो मुलगा रडकुंडीला आला होता.

"जा रे, ऐक जा," एल्मर म्हणाला. "आमच्याकडे दरवर्षी लग्न असतं. तुमच्याकडे हे पहिलंच, आणि शेवटचंही. पहारा मी देतो."

ब्राउन्स जिंकले. एल्मरला चिडवायचं म्हणून ऑर्व्हिल पळत सुटला. "काय पाहुणे, करू का आहेर?" हे वाक्यसुद्धा त्यानं मनात घोळवलं होतं. खंदकाच्या जागी तोफगोळ्याचा खड्डा होता.

"परत आल्यावर सगळं सांगायलाच गेलो होतो त्यांच्याकडे," तो म्हणाला. "दार उघडून त्यांनी पहिलंच विचारलं, 'पोरा, तू कुणाचा?' तोंडातून ब्राउन्स निघेना. कार्डिनल्स म्हणालो. त्या म्हणाल्या, 'बरं झालं. शेवटी तरी आपलं माणूस होतं त्याच्याजवळ.' आणि एल्मरचा बिल्ला माझ्या कोटाला लावला."

"अजून सांगता येईल, ऑर्व्हिल."

"काय सांगू? तुमचा मुलगा माझ्या सामन्यापायी गेला? आणि मग रविवारी त्यांच्याकडे कोण येणार?"

शाळेत मुलांना मी आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं. त्या पायरीवर मी फक्त त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. आत तुरळक टाळ्या पडल्या आणि थांबल्या. माणसं बाहेर येऊ लागली, तसा त्यानं खिशातून बिल्ला काढून कोटाला लावला.

मिसेस ब्रूनिंग आता नव्वदीच्या आहेत. त्यांना ऐकू येत नाही. रविवारी ऑर्व्हिल येतो, त्यांच्याजवळ बसून रेडिओ ऐकतो आणि मी दिलेल्या शाळेच्या जुन्या पाटीवर खडूनं कार्डिनल्सच्या धावा लिहून त्यांना दाखवतो.