अर्धा तास चालवून दाखवा

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाई विभागाच्या भिंतीला लागून, कृत्रिम पायांची कार्यशाळा आहे. तिथल्या बाईंना सगळे अर्धातासबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक आहे आणि त्यांची हरकतही नाही. नवा पाय तयार झाला, पेशंटने तो घातला, आरशासमोर दहा पावलं टाकली आणि नातेवाइकांनी डोळे पुसले, की बाकी जगाचं काम संपतं. बाईंचं तिथे सुरू होतं. त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणतात, "आता अर्धा तास चाला. या कॉरिडॉरमध्ये, न थांबता. मी आहे इथेच."

लोक कुरकुरतात. कुणाची बस चुकते, कुणाचा जावई बाहेर गाडीत ताटकळतो. बाई ढिम्म हलत नाहीत. पहिली दहा पावलं कोणीही चालतो, आनंदाच्या भरात माणूस नाचूनही दाखवतो. विसाव्या मिनिटाला चेहरा खरं बोलायला लागतो. मग बाई पाय काढून लाल झालेल्या जागेवर तळहाताची मागची बाजू ठेवतात. त्यांच्या मते ताप असो की टोचणी, तळहातापेक्षा त्याच्या पाठीला लवकर कळतं.

हा नियम त्यांचा नव्हे, जुन्या मिस्त्रींचा. बाई बाविसाव्या वर्षी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन इथे लागल्या, त्या प्लास्टर कालवायला. कार्यशाळेत पहिल्या बाई त्याच. मूळचे सुतार असलेले मिस्त्री म्हणाले, "पदवी त्या खुंटीला अडकवा आणि हात भिजवा." बाईंनी हात भिजवले ते पस्तीस वर्षं कोरडे झाले नाहीत. मिस्त्री गेले, कानस आणि अर्धा तास मागे ठेवून गेले.

कार्यशाळेत एक कपाट आहे. त्यात अकरा पाय उभे आहेत, चिठ्ठ्या बांधलेले, तयार, आणि कोणी न नेलेले. एका पायासाठी पेशंटला तीन खेपा पडतात. पहिली मापाला, दुसरी उरलेला पाय ज्या वाटीत बसतो ती वाटी घालून पाहायला, तिसरी पाय न्यायला. लांबच्या माणसांचा धीर दुसऱ्या खेपेलाच सुटतो. कपाटातला चौथा पाय एका माळ्याचा. त्याची रोपवाटिका दोन बस बदलून यावं इतकी दूर. दोनदा त्याची वाटी बदलावी लागली, तिसऱ्यांदा तो आलाच नाही. बाईंनी फोन केला तेव्हा शांतपणे म्हणाला, "बाई, पाय आणायला यायचं तर आधी पाय लागतो." बाईंकडे याला उत्तर नव्हतं. उत्तर नसणं ही गोष्ट त्यांना अजिबात सोसत नाही.

तसं उत्तर अर्धं हातात होतं. चार वर्षांपूर्वी एका संस्थेने इस्त्रीएवढा स्कॅनर देणगी म्हणून दिला होता. पायाभोवती दोन मिनिटं फिरवला की त्या पायाचा सगळा आकार, खळगे-उंचवट्यांसकट, त्यात उतरतो. पण तो आकार उघडून त्यावर वाटी घडवायची, कुठे किती दाब येईल त्याचा हिशेब करायचा, म्हणजे संगणकाला घाम फुटतो. कार्यशाळेतला जुना संगणक फाइल उघडता उघडता मान टाकायचा. तेव्हा स्कॅनर कपाटात, अकरा पायांच्या शेजारी. दमदार लॅपटॉप मिळाला, तर दोन्ही पिशवीत घालून पेशंटच्या दारात जायचं, त्याच्यासमोर वाटी घडवायची, आणि दुसऱ्या खेपेला पाय घेऊनच जायचं. दोन खेपा, दोन्ही बाईंच्या.

तीन वर्षं पत्रं लिहिल्यावर मंजुरी आली. "लॅपटॉप, नग एक." मंजुरीची मुदत महिनाअखेरच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. तोवर ऑर्डर गेली नाही तर मंजुरी रद्द. आणि बाईंना निवृत्त व्हायला उरली होती दोन वर्षं. पुन्हा तीन वर्षं पत्रं लिहायला त्यांच्याकडे तीन वर्षं नव्हती.

खरेदी विभागाचे साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त चष्म्यावरून बघायचे. म्हणाले, "टेबलावरचा घ्या ना. याच किमतीत मोठा येईल."

"टेबल पेशंटच्या घरी कोण नेणार? तुम्ही?"

"बरं, लॅपटॉप. तीन कंपन्यांची दरपत्रकं मागवू. अटींत बसणारा सगळ्यात स्वस्त घ्यायचा, हा नियम. कंपनीचं नाव लिहायचं नाही. अटी तेवढ्या तुम्ही द्या, पण लवकर."

अटी द्यायच्या तर कळायला हव्यात. बाई सुट्टीच्या दिवशी दुकानात गेल्या, पर्समध्ये माळ्याच्या पायाची, तो मापाला आला तेव्हा स्कॅनरने उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवर घालून. पांढऱ्या दिव्यांचं, थंडगार दुकान. काउंटरवरची मुलगी गोड हसली. "काकू, नातवंडांशी व्हिडिओवर बोलायला हवाय का?"

"नातवंडं नाहीत, पाय आहेत," बाई म्हणाल्या आणि पेनड्राइव्ह पुढे केला.

मुलगी हुशार निघाली. पायाचा आकार पडद्यावर फिरताना पाहून तिने गोड हसणं बंद केलं आणि नीट समजावून सांगायला लागली. चित्रांचं काम वेगळ्या कार्डावर चालतं, त्या कार्डाला स्वतःची मेमरी लागते. मुख्य मेमरी चौसष्ट जीबी तरी हवी, नाहीतर एवढी फाइल मावणार नाही. पडदा चकचकीत नको, अंगणात बसून काम करायचं तर उन्हात स्वतःचंच तोंड दिसेल. बाई वहीत लिहून घेत होत्या. मग मुलीने एक यंत्र पुढे ठेवलं, आणि बाईंची लेखणी थांबली.

वहीइतकं पातळ. राखाडी, रेशमी. एका हाताने उचललं तर उचलल्याचं कळेना. माळ्याचा पाय त्यावर क्षणात उघडला आणि बोट फिरेल तसा गरगर फिरला. पस्तीस वर्षं प्लास्टर खरवडलेली बाई, प्रेमात पडली. दहा मिनिटांत अटी पूर्ण झाल्या. सगळ्या त्या पातळ यंत्राच्या अंगाच्या मापाने शिवलेल्या.

घरी धाकटी नणंद पेपरातलं कोडं सोडवत बसली होती. नोंदणी कचेरीत तीस वर्षं लोकांचे अर्ज तपासून निवृत्त झालेली, कागदाला पाहताच त्याची चूक ओळखणारी. तिने त्या अटींचं मागणीपत्र हातात घेतलं, चष्मा वर केला.

"छान आहे. चालवून पाहिलंस, वहिनी?"

"पाहिलं की. दहा मिनिटं."

"अच्छा," नणंद म्हणाली आणि कोड्याकडे वळली.

त्या "अच्छा"ने बाईंचा चहा कडू झाला. थोड्या वेळाने त्या स्वतःशीच म्हणाल्या, "अक्कल गहाण टाकली होती मी."

"मी काही म्हटलं का?"

"तू म्हणून कधी काही म्हणतेस?"

दुसऱ्या दिवशी कार्यशाळा सुटल्यावर बाई पुन्हा दुकानात. या वेळी नुसता पाय फिरवला नाही. दाबाचा हिशेब लावला, एक फेरी संपली की दुसरी, आणि स्टूल ओढून समोर बसल्या. पातळ यंत्र वाऱ्यासारखं सुटलं. बारा मिनिटांनी पंखा कण्हायला लागला. पंधराव्या मिनिटाला एका फेरीला दुप्पट वेळ लागू लागला. बाईंनी हात उलटा करून यंत्राच्या पाठीला लावला आणि झटकन काढला.

"लंगडतंय," त्या म्हणाल्या.

"काकू, गरम झालं की सगळेच जरा हळू होतात," मुलगी म्हणाली.

"सगळे किती हळू होतात, ते बघू. मागच्या फळीवरचा तो काढ."

"तो? तो कोणी मागत नाही. जाड आहे, आणि चार्जर विटेएवढा."

तो जाड, काळा, कोपऱ्यांना बोथट असा होता. चाळीस मिनिटं त्याने तोंडातून चकार शब्द न काढता फेऱ्या मारल्या. वेग जो पहिल्या मिनिटाला, तोच शेवटच्या. बाईंना जुन्या मिस्त्रींची आठवण झाली. तेही असेच दिसायचे.

पण घोडं आता पेंड खात होतं ते नियमाशी. जाड यंत्र महाग. नाव लिहायचं नाही. कागदावरच्या अटींत तर पातळही बसत होतं, कार्ड तेच, मेमरी तीच. म्हणजे स्वस्त म्हणून पातळच येणार, आणि माळ्याच्या अंगणात पंधराव्या मिनिटाला बसकण मारणार.

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही लॅपटॉप निवडताय की जावई?"

"जावई बिघडला तर मुलगी परत आणता येते, साहेब. हा बिघडला तर परत कोण घेणार?"

"ते मला कळतं. पण कागदावर दाखवा ना फरक. मला कागद लागतो."

घरी बाईंनी मागणीपत्र नणंदेपुढे टाकलं. "बघ, तुझं खातं. कागदावर फरक दाखवायचाय."

नणंदेने पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि तिसऱ्याच्या तळाशी नखाने टिचकी मारली. "हा रकाना?"

तिथे छापलं होतं, "स्वीकृतीपूर्वी चाचणी". पुढे बाईंच्याच अक्षरात, "लागू नाही".

"सगळे तेच लिहितात," बाई म्हणाल्या.

"मी तीस वर्षं बघितलंय सगळे काय लिहितात ते. रकाना छापलाय म्हणजे भरायचा हक्क आहे. तुझ्या पेशंटला तू दारातून बाहेर सोडतेस का, लागू नाही म्हणून?"

बाईंनी नणंदेकडे असं पाहिलं की लग्नानंतरच्या एकतीस वर्षांतली सगळी भांडणं त्या एका नजरेत मिटली. निदान त्या दिवसापुरती. "लागू नाही" खोडलं गेलं. त्या जागी दोघींनी मिळून लिहिलं: "खरेदीदाराने दिलेल्या फाइलवर दाबाचा हिशेब सलग अर्धा तास चालवून दाखवावा. शेवटच्या फेरीला पहिल्या फेरीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वेळ लागू नये. न थांबता." "न थांबता" नणंदेला फालतू वाटलं, पण बाईंनी ते राहू दिलं.

साहेबांनी ते तीनदा वाचलं. "असं आजवर कोणी लिहिलं नाही."

"नियमाविरुद्ध आहे?"

साहेबांनी नियमावली काढली, पानं उलटली, बराच वेळ उलटली. "नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडं आश्चर्य होतं.

तिन्ही कंपन्यांचे विक्रेते शेवटच्या शुक्रवारी अकरा वाजता कार्यशाळेत आले. पाय बसवायच्या लांब टेबलावर तीन यंत्रं मांडली गेली. पातळ, मधलं, जाड. पातळ सर्वांत स्वस्त, जाड सर्वांत महाग. साहेब खुर्ची घेऊन बसले. बाईंनी तिन्हीवर माळ्याचा पाय उघडला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"अर्धा तास. मी आहे इथेच."

पातळ यंत्राची पहिली फेरी छत्तीस सेकंदांत झाली. जाडाला पंचेचाळीस लागले. पातळवाला विक्रेता खुर्चीत आरामात रेलला. साहेबांनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. बाई कानशीला तेल लावत होत्या.

तेरा मिनिटं झाली. पातळाचा पंखा शिट्टी घालू लागला. फेरी साठ सेकंदांवर गेली, मग ऐंशी, मग नव्वद. विक्रेता सरळ बसला. "इथे जरा उकडतंय," तो म्हणाला.

"माझ्या पेशंटच्या अंगणात याहून उकडतं," बाई म्हणाल्या.

एकोणिसाव्या मिनिटाला मधल्या यंत्राचा पडदा काळा झाला आणि ते गप्प पडलं. त्याचा विक्रेता फोनवर बोलायला बाहेर गेला तो परत आला नाही. जाड यंत्र चाललं होतं. पंचेचाळीस. पंचेचाळीस. सेहेचाळीस. पंचेचाळीस. साहेब उठून त्याच्यापाशी येऊन उभे राहिले होते आणि प्रत्येक फेरी संपली की एकेक बोट मिटून मोजत होते. अर्धा तास झाला तेव्हा जाडाच्या चाळीस फेऱ्या झाल्या होत्या, पातळाच्या पस्तीसही धड नाहीत.

"पण हे वजनाला केवढं आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही उचलणार कसं?"

बाईंनी एका हातात यंत्र घेतलं, दुसऱ्या हातात तो विटेएवढा चार्जर, आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. साहेबांनी खिशातलं पेन काढलं. एक यंत्र बंद पडलेलं, एक लंगडलेलं, अटीत बसणारं एकच उरलं होतं, तेव्हा सगळ्यात स्वस्तही तेच ठरलं. दुपारी साडेतीनला ऑर्डर गेली. बाईंनी तिची प्रत मागून घेतली, घडी न घालता पर्समध्ये ठेवली आणि कार्यशाळेत येऊन पहिल्यांदा पंख्याखाली बसल्या.

सोमवारी साहेबांचा फोन आला. "बाई, शस्त्रक्रियेच्या दिव्यांचं मागणीपत्र आलंय. त्या चाचणीच्या रकान्यात काय लिहायला सांगू त्यांना?"

"त्यांची शस्त्रक्रिया किती तास चालते ते विचारा," बाई म्हणाल्या.

यंत्र आलं. बाई ते पाठीवर घेऊन दोन बस बदलून रोपवाटिकेत पोचल्या. माळी कुंड्यांमध्ये उलट्या टोपलीवर बसला होता, कुबड्या नळाला टेकवलेल्या. स्कॅनर दोन मिनिटं फिरला. मग अंगणात बसूनच बाई वाटी घडवू लागल्या, आणि माळी पडद्यात डोकावत राहिला. "इथे टोचेल," तो मध्येच म्हणाला, "बाहेरच्या अंगाला." बाईंनी तिथे खोलगट केलं, हिशेब पुन्हा लावला, लाल डाग पडद्यावरून पुसट होत गेला. प्लास्टरने याला तीन महिने घेतले होते.

तीन आठवड्यांनी बाई पाय घेऊन गेल्या. माळ्याने तो घातला, उभा राहिला, दहा पावलं टाकली. त्याची बायको पाण्याची झारी हातात धरून उभी होती, पाणी तिच्याच पायावर सांडत होतं. बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. माळी वाफ्यांमधून निघाला. बाई त्याच्या पायांकडे बघत नव्हत्या, चेहऱ्याकडे बघत होत्या. विसावं मिनिट आलं. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. पंचविसाव्या मिनिटाला तो एक सुकलेली फांदी तोडायला वाकला आणि सरळ झाला, भिंतीचा आधार न घेता.

संध्याकाळी घरी नणंदेने कोड्यातून डोकं वर काढलं. "चालवून पाहिलंस?"

"पंचेचाळीस मिनिटं," बाई चपला काढत म्हणाल्या. "अर्धा तास झाला, थांब म्हटलं, तर थांबेचना."