वाटीतलं पाणी

कॅम्पातल्या मॅडम शिकवताना स्वतः कधी आडव्या होत नसत. हातात चहाचा कप धरून, खुर्चीत बसून त्या आमच्या पोटांकडे बघत. प्रत्येकीच्या पोटावर, बेंबीच्या जरा खाली, स्टीलची वाटी. वाटीत अर्धं पाणी.

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. बाळंतपणात माझी कंबर गेली. पोरगी पाळण्यात रडली की उचलायला सासूबाईंना हाक मारायची. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी, आणि स्वतःचं पोर उचलता येत नाही, हे फार लागायचं. शेजारीण मला देवळाली कॅम्पात या मॅडमकडे, एका फौजी साहेबांच्या मिसेसकडे, घेऊन गेली. व्यायामाचं नाव पिलाटीज. नवऱ्याच्या कुठल्याशा पोस्टिंगमध्ये त्या तो शिकल्या होत्या.

"गुडघे वाकव, पावलं जमिनीवर. श्वास सोड, बेंबी आत घे, कंबर सतरंजीला टेकव. बस."

एवढंच? मी केलं. पाणी तसूभर हललं नाही. मोठ्या ऐटीत मी मॅडमकडे पाहिलं. मी चांदवडकडची. डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी सांडलं की आमच्याकडे शिव्या पडायच्या. दम धरून चालायची सवय अंगात मुरलेली.

"बी.ए. ना तू, बेटा? पाणी हललं नाही म्हणजे तू काही केलंच नाहीस. आणि श्वास कुणासाठी साठवून ठेवलायस?"

"सांडेल ना, मॅडम."

"सांडू दे! पोछा आहे घरात."

श्वास सोडला. कंबर टेकली, आणि वाटीतलं पाणी हळूच छातीकडे कललं. पोटात खोलवर काहीतरी आवळलं. इतकी वर्षं ते माझ्याचपाशी होतं? मग नादच लागला. बसमध्ये, भांडी घासताना, मी ते शोधत राहायची.

एकदा विचारलंच, "तुम्ही का नाही करून दाखवत?"

"दाखवलं की तुम्ही माझ्याकडे बघाल. तुमच्या पोटाकडे कोण बघणार?"

पोरगी चालायला लागली, कंबरही बरी होती, तरी तिला जमिनीवरून उचलायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात साहेबांची बदली झाली. पोरीचं बोट धरून निरोपाला गेले तर अंगणात ट्रंका रचलेल्या. पोरीने माझ्यापुढे दोन्ही हात वर केले. सवयीने मी सासूबाईंना शोधलं. त्या घरी होत्या.

मॅडम कप घेऊन नुसत्या उभ्या. "श्वास?"

मी गुडघ्यात वाकले, श्वास सोडला, आणि पोरगी कडेवर आली.

मॅडमनी पहिल्यांदाच कप खाली ठेवला. "दे, मलाही घेऊ दे."

"थांबा मॅडम," मी म्हटलं, "जरा वेळ माझ्याकडेच राहू द्या."