रडायची वेळ

घरून काम करायला लागल्यावर मी फार शहाणी झाले होते. पुण्यातली खोली सोडून शहाद्याजवळच्या आमच्या गावी आले आणि मधल्या खोलीच्या भिंतीवर दिवसाचं वेळापत्रक चिकटवलं. फोनवर टायमर लावायचा. तो वाजेपर्यंत मान वर करायची नाही. वाजला की उठायचं, अंगणात एक फेरी, चहा, परत टायमर. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की पुढचा वेळ माझा. मैत्रिणींना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आता तो तोरा आठवला की लाज वाटते.

त्या हिवाळ्यात वडील गेले. सकाळी पपईच्या वावरात गेलेले, दुपारी चार माणसांनी उचलून आणले.

कंपनीने दिलेली सुट्टी राख सावडेपर्यंत संपली. वाढवून मागितली तर साहेब म्हणाले, ‘‘घरीच तर आहेस ना. जमेल तसं कर, फक्त लॉगिन राहा.’’ आमच्या टीममधल्या दोघांना नुकताच नारळ मिळाला होता आणि आता घरात कमावणारी मी एकटीच उरले होते. मी लॉगिन राहिले. मी आईजवळ बसत नाही, हे ओट्यावर बसलेल्या मोठ्या काकूंनाही पटेना. ‘‘घरमाच तर शे ना तू, मंग मायजोडे बसाले काय व्हस तुले?’’ साहेब आणि काकू एकमेकांना या जन्मात भेटणार नाहीत, पण माझ्याबद्दल दोघांचं एकमत होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की नातेवाईक दारावर येतात. रोज येतात, जीप भरभरून येतात. बाया गल्लीच्या तोंडाशीच गळा काढतात. आतून विधवा तसाच गळा काढून त्यांना जबाब देते. मग गळ्यात पडून दोघी गेलेल्या माणसाचा एकेक गुण मोठ्याने आठवत रडतात. नवी जीप आली की पुन्हा पहिल्यापासून. बाहेरच्या माणसाला हा तमाशा वाटेल. पण आईला तेवढीच मोकळीक होती. कोपऱ्यात बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही, जेवण दुसऱ्यांनी वाढायचं. रडणं तेवढं तिच्या हातात होतं. आणि आईचा आवाज असा खणखणीत, की अंगणातून मारलेली हाक वडिलांना वावरात ऐकू जायची.

मी मधल्या खोलीत. बाहेरच्या खोलीत बाया. मध्ये नुसता पडदा.

पहिल्याच मीटिंगमध्ये मी बोलत असताना सारंगखेड्याची आत्या आली. बाहेर एकच आकांत उठला. लॅपटॉपमधून कुणीतरी वैतागून म्हणालं, ‘‘अरे, तो टीव्ही बंद करा ना कुणीतरी.’’ मी सॉरी म्हटलं. टीव्ही नाही, माझी आई आहे, असं म्हणायला हवं होतं. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

लॅपटॉपचा आवाज मोठा होता. पडद्यापलीकडे आईने ते ऐकलं. त्याच क्षणी तिने आत्याच्या तोंडावर हात ठेवला. पडद्याच्या फटीतून मला दिसलं. आत्याचे डोळे वटारलेले, आणि आई तिच्या कानाशी सांगतेय, ‘‘हयू रड वं बाई. पोर कामवर शे.’’

त्यानंतर आईने सगळा कारभार हातात घेतला. जीपचा आवाज आला की ती कोपरा सोडून चक्क ओट्यावर जायची आणि आलेल्या बायांना हातानेच गप्प करायची. नवरा जाऊन आठवडा नाही झाला आणि ही उंबऱ्याबाहेर! बाया कुजबुजायच्या. आईने कुणाला भीक घातली नाही. माझा टायमर तिच्या ध्यानात आला होता. आलेल्या बायांना ती पाणी द्यायला लावायची, चहा द्यायला लावायची आणि सांगायची, ‘‘थांबा जराशा. आते तिन्हा ब्रेक व्हई.’’

मग टायमर वाजायचा, मी पडदा सारून बाहेर यायचे आणि सगळ्या जणी एकदम रडायला लागायच्या. चहाच्या कपबशा बाजूला सारून. आई मला कवेत घ्यायची. जरा कुठे हुंदका मोकळा होतोय तोवर फोन पुन्हा वाजायचा. आई पदराचा बोळा तोंडात कोंबून मला हाताने आत ढकलायची. माझ्या वेळापत्रकाची गावात कुणी इतकी कदर केली नव्हती. मला ते भिंतीवरून ओरबाडून चुलीत घालावंसं वाटायचं. पण मी आत जाऊन मेलला उत्तरं लिहायचे.

दहावं-तेरावं झालं. जीपा थांबल्या. मोठ्या काकूही आपल्या घरी गेल्या. नोकरी शाबूत होती, साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुकसुद्धा केलं.

त्याच संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला. झाकण बंद झाल्याचा आवाज ऐकूनच असेल, आई पडद्याशी येऊन उभी राहिली. आत मात्र आली नाही.

‘‘सरनं का तुन्हं काम?’’

‘‘सरनं.’’

‘‘आते कोनी ऐकाव नही ना त्यामाईन?’’ तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

‘‘नही माय. का वं?’’

‘‘मंग आते रडू का मी?’’

मी तिला धरून खाली बसवलं. म्हटलं, ‘‘रड माय. मोठ्ठ्यानी रड.’’ तिने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, खांदे हलले, डोळ्यांतून पाणी वाहिलं. आवाज काही फुटेना. तिने परत प्रयत्न केला. नुसता श्वास. ती माझ्याकडे बघत राहिली, काही हरवल्यासारखी.

मग माझाच बांध फुटला. वडील गेल्यापासून मी आवाज काढून रडलेच नव्हते. आता गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, ‘‘बाबा!’’

आणि आईने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.