सीटखालची गाठ

ती पांढरी गाडी मी अजून विसरलेलो नाही. चकचकीत, आणि सीटवरचं प्लॅस्टिक तसंच. आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात नव्या गाडीचं प्लॅस्टिक महिनोन् महिने कुणी काढत नाही. उकाड्यात पाठ चिकटली तरी चालेल, पण गाडी नवी आहे हे चारचौघांना दिसलं पाहिजे. या एका हौसेनेच पुढे सगळा उलगडा केला.

पोलीस खात्यातून माझी निवृत्ती जवळ आली होती. ठाणे अंमलदाराने एका बाईंना माझ्यासमोर आणून बसवलं. दातिवऱ्याच्या, बोईसरच्या बाजारात मासळी विकणाऱ्या. म्हणाल्या, "साहेब, शोरूमवाल्यानं आमाला फसवलं. वापरलेली गाडी नवी सांगून दिली."

आदल्या वर्षी त्यांचा मुलगा बोटीसह वादळात अडकला होता. तेव्हा त्यांनी देवीला नवस बोलला, की पोरगा सुखरूप आला तर दाराशी येणाऱ्या कोऱ्या गाडीत चालवणारा सोडून कुणी बसायच्या आधी तुझी ओटी बसेल. मुलगा परतला. गाडी आली. जत्रेच्या दिवशी पुढच्या सीटवर ओटी ठेवून गाडी देवळापर्यंत नेली, आणि बाई स्वतः मागून चालत गेल्या.

मग एक दिवस मुलगा गाडी घेऊन बाजारात आला. कुंभवलीत राहणारी, कारखान्यातल्या कामगाराची बायको त्यांच्याकडून नेहमी मासळी घ्यायची. गाडी पाहून ती म्हणाली, "मौसी, ये गाड़ी तो शोरूम में खड़ी थी. मेरी बेटी इसमें बैठी थी, इस खाने के अंदर स्टिकर भी चिपकाया था." डॅशबोर्डचा खण उघडला, तर आत चांदणीचं स्टिकर होतंच. मुलगा म्हणाला, "आय, मला काय म्हाईत? त्यांनी नवी म्हणूनच दिली." बाई तडक ठाण्यात आल्या.

मी सेल्समनला बोलावलं. पोरगेला, इस्त्रीचा शर्ट, घाम फुटलेला. मालकाने त्याला चौकशी संपेपर्यंत घरी बसवलं होतं. तो म्हणाला, "साहेब, ती शोरूममध्ये मांडलेली गाडी होती. लोक बसून बघायचे. पण रस्त्यावर कधी गेली नाही. गिऱ्हाईकाला सगळं सांगूनच दिली." नोंदणी न झालेली गाडी कागदावर नवीच असते, त्यामुळे कागद काही बोलेनात. मी त्याला उलटसुलट विचारलं, दरडावलं. पढवून आलेला माणूस दर वेळी तेच शब्द वापरतो. हा दर वेळी वेगळ्या शब्दांत तेच सांगत होता. मला तो खरा वाटू लागला, पण वाटण्यावर तपास चालत नाही.

मी गाडी ठाण्याच्या आवारात आणवली. मायलेक, सेल्समन, सगळे समोर. सेल्समनला विचारलं, "लोक बसत होते, तर प्लॅस्टिक कसं राहिलं?"

"आमच्याकडून गेली तेव्हा प्लॅस्टिक नव्हतंच, साहेब."

मी वाकून सीटखाली हात घातला. प्लॅस्टिक कंपनीचं नव्हतं. बाजारातून आणून, कापून, खालून नायलॉनच्या दोऱ्याने आवळून बांधलं होतं. जाळं सांधायचा हिरवा दोरा. मी बाईंना म्हटलं, "मावशी, जरा बघता का?"

त्या खाली बसल्या. दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, "ही आमच्या घरची गाठ हाय, साहेब. मीच शिकवलीय त्याला."

मुलगा रडायला लागला. म्हणाला, "नव्या गाडीला थांबायला लागणार होतं, साहेब. जत्रा जवळ आलेली. आयेचा नवस लौकर फिटावा म्हणून उभी असलेली घेतली. नुसती लोकं बसलेली, चाललेली कुठं? मला वाटलं, नवीच हाय. तिला सांगितलं असतं तर तिनं घेऊ दिली नसती."

सांगा, यात आरोपी कोण? बाईंनी अर्ज मागे घेतला. जाताना त्या सेल्समनपुढे थांबल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "माफ कर, बाबा." मी मालकाला फोन करून सगळं सांगितलं. तरी त्याने सेल्समनला कामावर परत घेतलं नाही, ठाण्याची पायरी चढलेला माणूस नको म्हणाला. याचं मला फार वाईट वाटतं.

नोकरीभर मी खोटं पकडत आलो आणि पकडलं की बरं वाटायचं. त्या दिवशी बरं वाटलं नाही. प्रेमापोटी बोललेलं खोटं उघडं पडलं, की ते ऐकणाऱ्याच्याच घरात जाऊन बसतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या लेखी प्रकरण निकाली निघालं होतं.

निवृत्तीनंतर एकदा मासळी घ्यायला बोईसरच्या बाजारात गेलो. बाई टोपली उचलून घरी निघाल्या होत्या. रस्त्यापलीकडे तीच गाडी उभी होती. मुलगा पुढचं दार उघडून थांबला होता. बाई त्याच्यासमोरून गेल्या आणि शेअर रिक्षात चढायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, अजून राग आहे का पोरावर?"

"नाय हो साहेब. त्याचा राग कधीच गेला," त्या टोपली मांडीवर घेत म्हणाल्या. "पण मी कोरी म्हणून दिली ना देवीला. आता तिला काय सांगू, तेवढं कळत नाय."

रिक्षा सुटली. मुलाने दार लावलं आणि गाडी हळूहळू तिच्या मागून नेली.