ग्रहणाचं पाणी

आमच्या हट्टा गावातल्या घरात पाणी शिळं राहणं हा गुन्हा होता. रोज सकाळी रांजण पालथे व्हायचे, घागरी चिंचेनं लखलखायच्या, आणि विहिरीवरून नवं पाणी आल्याशिवाय सासूबाई चुलीला हात लावायच्या नाहीत. अशा घरात माजघराच्या कोपऱ्यात लोखंडी चौकटीची एक काचेची पेटी होती. तिच्यात मासे होते आणि पाणी मात्र कधीच पूर्ण बदललं जात नव्हतं. त्यावरून सासूबाई आणि आत्याबाई यांच्यात जी जुंपायची, ती मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकत होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. त्यांचे यजमान हैदराबादेत रेल्वेत कारकून होते. ते गेले, पदरी मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या माहेरी परत आल्या. वसमत स्टेशनापासून गाडीबैलानं येताना ट्रंक मागे टाकली आणि पेटी मांडीवर घेऊन बसल्या, असं घरात सगळे हसत सांगायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मासे नारिंगी, रुपयाएवढे, कुठल्याशा समुद्राकाठच्या खाडीतले. यजमानांना त्यांची भारी हौस होती. पाण्यात चिमूटभर मीठ टाकायचं, तेही यजमानांनीच शिकवलेलं.

पेटीच्या वर लाकडी घोडीवर एक मडकं असे. बुडाला भोक, भोकात चिंधीची वात, आत धुतलेली वाळू आणि कोळसा. पेटीतलंच पाणी तांब्यानं काढून आत्याबाई मडक्यात ओतत, आणि ते गाळून थेंब थेंब परत पेटीत पडे. महादेवाच्या पिंडीवर गळती असते ना, तसं. त्या थेंबांनी पाणी हलतं राहायचं. तळाची घाण काढायला पपईच्या पानाचा पोकळ देठ. वरचं तोंड अंगठ्यानं दाबून देठ तळाशी न्यायचा, अंगठा उचलला की गाळ आपसूक आत चढतो, परत दाबून बाहेर काढायचा. असं थोडं पाणी काढलं की तेवढंच भरायचं, आणि तेही रात्रभर उघडं ठेवलेलं. विहिरीचं थंडगार पाणी एकदम ओतलं तर मासे उलटे होतात म्हणे.

“शिळ्या पान्याला देव बी शिवत न्हाई, वन्सं,” सासूबाई म्हणायच्या.

“देवाला न्हाई चालत, वैनी. मास्यायला चालतं.”

लढाईच्या काळातला तो आषाढ. पेटीतल्या माशांच्या जोडीनं कौलाच्या तुकड्यावर अंडी घातली. मादी परांनी अंड्यांना वारा घालत राहिली, नर बाहेरच्या बाजूला पहारा देत राहिला. मग जिऱ्याच्या दाण्याएवढी पिल्लं निघाली आणि आईबापाच्या अंगाला चिकटून हिंडायला लागली. आत्याबाईंनी मला हात धरून नेलं, काचेपाशी बसवलं आणि म्हणाल्या, “बघ, माझं घर भरलं.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत पिल्लं पहिल्यांदाच झाली होती आणि पाण्यात जरा इकडचं तिकडे झालं तर ती जगणार नव्हती. म्हणून त्या दिवसभर पेटीपाशीच घुटमळायच्या.

आणि मी पोटुशी होते. आदल्या वर्षी माझं एक लेकरू पोटातच गेलं होतं. त्यामुळे आषाढातल्या अमावस्येला सूर्यग्रहण आहे म्हटल्यावर सासूबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. ग्रहणात पोटुशीनं हलायचं नाही, चिरायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. नाहीतर लेकराची बोटं जुळतात, ओठ फाटतो. आणि ग्रहण सुटलं की घरातलं साठवलेलं सगळं पाणी फेकायचं. त्यात पेटी आली का, हा प्रश्न होता.

“सगळं पानी काढायचं,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या सुनेच्या पोटाशी खेळ नको.”

“पिल्लं मरतील वैनी. गिराण म्हंजे नुसती सावली, हे म्हनायचे.”

“ते म्हनायचे! ते असते तर ह्या घरात आला असता का तुमी?”

हे फार लागट बोलणं झालं. सासूबाईंनाही ते कळलं असावं, कारण मग त्या अर्ध्यावर आल्या. अर्धं पाणी फेकायचं, अर्ध्यात तुळशीचं पान टाकायचं. आत्याबाईंनी मान डोलावली. दोघींच्या मध्ये मी, जात्यातल्या दाण्यासारखी, पण मला कुणी काही विचारलं नाही.

ग्रहणाच्या दिवशी मला माजघरात पाटावर बसवलं. दारं लावली, पेटीवर जाड घोंगडी टाकली. “हिला उठू दिऊ नका,” असं बजावून सासूबाई देवघरात जपाला बसल्या आणि माझ्या राखणीला आत्याबाईंना ठेवलं. वेध लागल्यापासून पाण्याला हात लावायचा नव्हता. मडकं केव्हाच रिकामं झालं होतं. एरवी चालू असलेली ती टपटप नव्हती आणि तिच्याशिवाय ती खोली मला सहन होईना. उकाड्यानं पोलकं अंगाला चिकटलं होतं. आम्ही दोघी त्या घोंगडीकडे बघत बसलो.

शेवटी आत्याबाईंनी घोंगडीचा कोपरा उचलला. दाराच्या फटीतून जो उजेड येत होता त्यात दिसलं, दोन्ही मोठे मासे वर येऊन तोंडाची उघडमीट करत होते. पिल्लं विखुरली होती. काही तळाशी पडली होती.

“पानी हलवा ना,” मी म्हणाले. “तुमीच म्हनता ना, नुसती सावली हाय.”

त्यांचा हात उठला. पाण्याच्या अगदी वर गेला. मग त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुह्याजवळ न्हाई.”

माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. सासूबाईंचा आला, सावलीचा आला, ह्या बाईनं मागे घेतलेल्या हाताचा तर सगळ्यात जास्त आला. मी उठले आणि कोपरापर्यंत हात पेटीत घातला. ओंजळीनं पाणी वर उचललं आणि वरून सोडलं, पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. मासे खाली गेले. पिल्लं हलली, खरंच हलली, मी डोळ्यांनी पाहिलं.

आत्याबाईंनी माझं मनगट असं पकडलं की बांगडी पिचली. “काहून केलंस? काहून केलंस गं पोरी?” त्या माझा हात पदरानं पुसत होत्या, कोरडा झाला तरी पुसतच होत्या. माशांकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला पाटावर बसवून, माझा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून त्या तशाच बसून राहिल्या.

बाहेर गल्लीत “दे दान, सुटे गिराण” अशी हाक आली. सासूबाईंनी दार उघडलं, त्यांच्या हातात तुळशीचं पान होतं.

“सगळं काढा वैनी,” आत्याबाई म्हणाल्या.

“अर्धंच ठरलं होतं न्हवं?”

“सगळं काढायचं. थेंब ठिवायचा न्हाई.”

सासूबाई बघतच राहिल्या. मी तोंड उघडलं तर आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं. पेटी त्यांनी स्वतः उचलली, मोरीत नेली आणि तिरपी केली. मोठे दोन मासे परातीत घेतले, ताज्या पाण्यात, मीठ टाकून. पिल्लं पाण्याबरोबर गेली. मोठे मासेही संध्याकाळपर्यंतच तगले. मला इतका संताप आला होता की मी त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही, आणि त्यांनी मला समजावण्याचा प्रयत्नही केला नाही. माझा हात पाण्यात गेला होता हे सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

कार्तिकात मुलगी झाली. सुईणीनं तिला पुसून पुढे केलं तेव्हा घ्यायला सासूबाई उभ्या होत्या, पण आत्याबाई त्यांना बाजूला सारून पुढे झाल्या. त्यांनी आधी ओठावरून बोट फिरवलं. मग तिच्या मुठी उघडून एकेक बोट वेगळं करून पाहिलं, आणि सगळी पाहून झाली तरी पुन्हा पहिल्यापासून पाहायला लागल्या.