एका कोअरवर तीनशे बारा गाई

२ मे २०२२ रोजी नायरी मॅकार्डलने १८४ डॉलर ६० सेंट भरले आणि आठ कोअरचा, म्हणजे गणित करणारे आठ मेंदू असलेला, सर्व्हर एका महिन्यासाठी भाड्याने घेतला. आधीचा सर्व्हर दोन कोअरचा होता, भाडे छत्तीस डॉलर. वाढीव पैसा चीज रोलमधून आला होता. नायरी आणि चर्चमधल्या आणखी दोघींनी दोन शनिवार हॉलच्या स्वयंपाकघरात उभे राहून रोल वळले आणि डझनाला दहा डॉलर दराने विकले. कशासाठी, असे कोणी विचारले की नायरी सांगे, "कारखान्यासाठी." लोक मान डोलावून दोन डझन जास्त घेत. कारखाना पाडून नऊ वर्षे झाली होती, तरी कोणी उलटून विचारले नाही.

त्या कारखान्यात नायरीने एकतीस वर्षे दुधाचे फॅट काढले. साउथलंडच्या त्या पट्ट्यातल्या प्रत्येक गोठ्याचा नमुना तिच्या हाताखालून जाई. माणसाचे नाव विसरली तरी त्याचे फॅट ती विसरत नसे. बाजारात कोणी भेटला की "हा चार पूर्णांक दोन" अशीच तिला ओळख पटे. कारखाना बंद झाला, यंत्रे भंगारात गेली आणि जागेवर खडी पसरली. पुढे नायरीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे खुर्चीत बसून काढायचे होते. विणकाम तिला कधी जमले नाही, म्हणून तिने संगणकावरचा तो ठोकळ्यांचा खेळ घेतला, ज्यात ठोकळ्यावर ठोकळा ठेवून हवे ते जग उभारता येते. तिने पहिल्यांदा बॉयलरची चिमणी बांधली. मग चीजच्या टाक्या, दूध उतरवायचा धक्का, प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळेत स्वतःचे तिपाई स्टूल. सहा आठवडे संपले तेव्हा गुडघा बरा झाला होता आणि कारखाना उभा होता.

आपल्या एकटीपुरता कारखाना ठेवून काय करायचे? तिने जुन्या मंडळींना कळवले. काही जवळच्याच इन्व्हरकार्गिल शहरात होते, बरेचसे ब्रिस्बेन आणि पर्थला जाऊन स्थायिक झालेले. सगळ्यांना एकाच वेळी आत येता यावे म्हणून ऑकलंडच्या एका कंपनीकडून सर्व्हर भाड्याने घेतला. दारावर पाटी लावली: बूट धुऊन आत या, शिव्या देऊ नका, बॉयलरला हात लावू नका.

मर्डो गॅलब्रेथ दुसऱ्या वर्षी आला. त्याने सव्वीस वर्षे कारखान्याला दूध घातले होते. त्याचे फॅट चार पूर्णांक नऊ, तिच्या वहीतले सर्वांत जास्त. "तू रात्री दुधात लोणी सोडतोस," असे ती त्याला तोंडावर म्हणत असे. गुरांमध्ये रोग आला त्या वर्षी मर्डोचा सगळा कळप ट्रकमध्ये भरून नेला आणि मारला. भरपाई मिळाली. मर्डोने नवीन गाई घेतल्या नाहीत.

त्याने नायरीला एवढेच विचारले होते, "कारखान्यामागं एक कुरण मिळेल का?"

"घे की. तिथं कोण बांधतंय!"

अकरा आठवडे तो रोज जेवणानंतर यायचा आणि कळपाची जुनी नोंदवही उघडून एकेक गाय कुरणात सोडायचा. प्रत्येकीच्या डोक्यावर तिच्या कानातल्या बिल्ल्याचा खरा नंबर. एकूण तीनशे बारा झाल्या.

आता रविवारी ५ जूनला, राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीत, कारखान्याच्या लोकांचा मेळावा ठरला होता. सकाळी अकरा वाजता सगळ्यांनी सर्व्हरवर जमायचे. नायरीच्या यादीत अडतीस नावे होती. आधीच्या सर्व्हरवर बारा माणसे आली तरी सगळे अडखळायचे, म्हणून तर आठ कोअर घेतले. १४ मेला शनिवारी दुपारी तिने रंगीत तालीम ठेवली. बावीस जण आले आणि कारखाना चिखलात रुतल्यासारखा झाला. माणूस पाच पावले चालून चार पावले मागे ओढला जाई. दार ढकलले की ते चार सेकंदांनी उघडे. चिमणीतून निघालेला धूर हवेत तसाच टांगून राहिला.

बॉयलरवर काम केलेला एरुएरा पर्थहून ओरडला, "नायरी, बंद पडला त्या आठवड्यातसुद्धा कारखाना यापेक्षा बरा चालत होता!"

"तेव्हा बॉयलरवर तू होतास. म्हणून तर बंद पडला," नायरी म्हणाली. पण बोलताना तिचे लक्ष सर्व्हरच्या आकड्यांकडे होते. आठांपैकी सात कोअर रिकामे बसले होते आणि एकटा आठवा घामाघूम झाला होता.

सोमवारी सकाळी तिने कंपनीला फोन लावला. सेफिना लेओटा नावाची बाई बोलली. आवाज चाळिशीतला, मागे किटलीची शिट्टी.

"आंटी, तुमचा खेळ एकाच कोअरवर चालतो. बाकीचे सात तुम्ही उगाच पोसताय."

"मग विकताना सांगायला नको का?"

"पानावर लिहिलंय, आंटी."

"बारीक अक्षरात?"

"बारीक अक्षरात," सेफिनाने कबूल केले. "हे बघा, खेळ सेकंदाला वीस वेळा अख्खं जग तपासून येतो. प्रत्येक दार, प्रत्येक माणूस, प्रत्येक जनावर. एका फेरीला पन्नास मिलिसेकंद. त्यात फेरी पुरी झाली नाही की सगळं रखडतं. आणि ती फेरी एकामागून एक अशीच घ्यावी लागते, आठ जणांत वाटता येत नाही."

"कळलं. एका गाईला आठ जण दोहायला बसले म्हणून दूध लवकर निघत नाही."

सेफिना हसली. "त्यात तो कोअरही तुमचा एकटीचा नाही. आमच्या आईच्या घरी आम्ही अठरा माणसं आणि गॅस एक. तसंच आहे ते. शेजाऱ्यांची भांडी उतरली की मग तुमचं चढतं. बावन्न डॉलरमध्ये वेगळा देते. एकच कोअर, पण चपळ आणि फक्त तुमचा."

"आणि माझे एकशे चौऱ्याऐंशी साठ?"

"वापरलेल्या दिवसांचे परत नाही देता येत, आंटी. उरलेले पंधरा दिवस मी पुढच्या बिलात वळते करते."

नायरीला हा व्यवहार रास्त वाटला. नवीन कोअर खरोखर चपळ निघाला. मग तिने प्रयोगशाळेतली जुनी सवय काढली. वही घेतली, रेघा मारल्या आणि एकेक गोष्ट बाजूला काढून मोजली. रिकाम्या जगाची फेरी सहा मिलिसेकंदांत होत होती. दर माणशी एक मिलिसेकंद. अडतीस माणसे धरून चव्वेचाळीस, म्हणजे पन्नासाच्या आत. कारखाना, चिमणी, टाक्या यांचा भार जवळजवळ नाहीच, कारण ठोकळा आपला जागेवर बसून असतो. पण गाय बसून राहत नाही. ती वळते, गवत शोधते, कुंपणाला अडते, दुसरीला ढकलते, आणि त्या प्रत्येक हालचालीचा विचार कोअरला करावा लागतो. तीनशे बारा गाईंचे पंचवीस मिलिसेकंद होत होते. बेरीज एकोणसत्तर.

तिने दोनदा मोजून पाहिले. फॅटचा आकडा न पटला की ती पूर्वीही दोनदा काढायची आणि बहुतेक वेळा पहिलाच बरोबर निघायचा.

मर्डोकडे जाताना तिने अर्धा डझन चीज रोल नेले. त्याने ते भाजून, लोणी लावून टेबलावर ठेवले. तिने वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. मर्डो आकडे वाचणारा माणूस होता, त्याला फार सांगावे लागले नाही.

"पंचवीस माझ्या गाईंचे."

"हो."

"आणि जागा सहाची."

"सहा मिलिसेकंदांत पंच्याहत्तर गाई राहतील, मर्डो. मी काढून बघितलं."

मर्डोने रोल उचलला आणि तसाच खाली ठेवला. "कुठल्या पंच्याहत्तर?"

नायरी वहीतल्या आकड्यांवरून बोट फिरवू लागली.

"त्या वेळी निदान मला निवडायला लावलं नव्हतं," तो म्हणाला. "सगळ्याच नेल्या."

"आणखी एक करता येतं. त्यांचं हलणं बंद करायचं. उभ्या राहतील, दिसतील, पण कोअरला त्रास नाही."

"पुतळे?"

"तसंच काहीसं."

"नको, नायरी. उभ्या गाई मी बघितल्यात, ट्रकमध्ये." त्याने वही मिटून तिच्याकडे दिली. "मेळावा अडतीस माणसांचा आहे. गाई माझ्या एकट्याच्या. हिशोब सरळ आहे. ट्रक कधी येणार तेवढं सांग, म्हणजे मी त्या दिवशी आत येणार नाही."

नायरी निघाली तेव्हा तिला स्वतःचाच राग येत होता. आकडे बरोबर होते, हाच त्रास होता. दोन मैलांवर तिला थांबावे लागले. रस्त्यावर चिखल आणि पुढे कोणाचा तरी कळप आडवा चाललेला. मेअखेर जवळ आली की तिकडे हे असतेच. १ जूनला भाड्याचे गोठे बदलतात, माणसे बिऱ्हाडे हलवतात, आणि आटलेल्या गाई हिवाळ्यापुरत्या दुसऱ्याच्या रानात चराईला जातात. नायरीने इंजिन बंद केले. शेवटची गाय पलीकडे जाईपर्यंत ती पाहत राहिली. मग तिने तिथूनच मर्डोला फोन केला.

"मर्डो, हिवाळ्यात कुरण पुरलं नाही तर तू गाई मारायचास का?"

"डोकं फिरलंय का तुझं? चराईला पाठवायचो."

"मग?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मर्डो म्हणाला, "कुणाच्या रानात?"

रान सेफिनाकडे मिळाले. महिना एकोणीस डॉलरचा लहानसा सर्व्हर, कोअर एकच, पण गाईंपुरता भरपूर. मर्डोच्या कुरणाच्या टोकाला एक फाटक बसवायचे. फाटकातून गेले की माणूस एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पोचतो, त्याला फक्त डोळे मिटून उघडल्याइतका अंधार दिसतो.

मर्डोने चौकशी मात्र रीतसर केली. "दर डोई काय?"

"डोई नाही. कळपाचे मिळून एकोणीस."

"स्वस्त आहे. म्हणजे गवत वाईट असणार."

"गवत हिरवं आहे, मर्डो. सगळीकडे एकाच रंगाचं आहे."

"पाणी?"

"ओढा काढून देते."

"कुंपण मी बघेन," मर्डो म्हणाला. "तुझ्या कुंपणावर माझा भरवसा नाही."

१ जूनला बुधवारी सकाळी दहा वाजता दोघे कामाला लागले. नायरीने त्याला आधीच खरे सांगितले होते: गाई चालत जाणार नाहीत. इकडच्या कुरणाची नक्कल तिकडे होईल, मग इकडच्या पुसायच्या.

"म्हणजे थोडा वेळ दोन्हीकडे? सहाशे चोवीस? मला परवडायच्या नाहीत."

"तिकडे जाऊन मोज. तू आकडा सांगेपर्यंत मी इकडे कशालाही हात लावत नाही."

मर्डो फाटकातून गेला. वीस मिनिटांनी फोन आला. "तीनशे अकरा."

"पुन्हा मोज."

"दोनदा मोजल्या. एकशे सहा नंबर नाही."

नायरीने इकडचे कुरण पायाखाली घातले. एकशे सहा नंबर कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून, दूध उतरवायच्या धक्क्याखाली उभी होती, कुरणाच्या हद्दीबाहेर. नक्कल हद्दीपुरती झाली होती, म्हणून ती राहिली. नायरीने सांगताच मर्डो फोनवर इतका मोठ्याने हसला की तिने कानापासून फोन लांब धरला.

"खरी पण अशीच होती गं! दावणीला सगळ्यांत शेवटी. मी घरात येऊन जेवून जायचो तरी ही बाहेरच!"

तिने धक्क्यापर्यंत हद्द वाढवून राहिलेल्या तेवढ्या पट्ट्याची नक्कल केली. मर्डोने पुन्हा मोजल्या. तीनशे बारा.

"मी इथं त्यांच्यापाशी थांबतो," तो म्हणाला. "तिकडचं तू उरक. मला सांगू नकोस कधी केलंस ते."

नायरीने खेळातून बाहेर येऊन सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा टाइप केली आणि थोडा वेळ बोट तसेच ठेवले. मग दाबले. फेरीचा आकडा खाली आला. तिने वहीत तारीख, वेळ आणि सहा लिहिले, आणि मर्डोला काही सांगितले नाही.

रविवारी अडतीसच्या जागी एकेचाळीस आले. यादीत नसलेल्या तिघांना एरुएराने न विचारता आणले होते. आकडा सत्तेचाळीसच्या वर गेला नाही. दारे वेळेवर उघडली, धूर वर गेला. कोणीतरी कारखान्यामागे जाऊन आले आणि विचारले, "मर्डो, तुझ्या गाई कुठं गेल्या?"

"हिवाळ्याला," मर्डो म्हणाला.

साउथलंडच्या माणसाला एवढे उत्तर पुरते. तरी एरुएराला फाटक दिसलेच. मग सगळ्यांनाच पलीकडे जाऊन गाई बघायच्या होत्या. लहान सर्व्हरला ते झेपले नसते, म्हणून नायरीने एका वेळी दहा जण असा नियम केला. फाटकाशी रांग लागली. मर्डो पलीकडे उभा राहून प्रत्येक वेळच्या दहा जणांना नंबरांवरून गाईंची ओळख करून देत होता, कोण कोणाची लेक, कोण लाथाडणारी, कोणाचे फॅट किती. जेवणाची वेळ झाली तरी तो परत आला नाही.

मेळाव्यानंतर कारखान्यात आठवड्याला पाच-सहा माणसेच येऊ लागली. ऑगस्ट लागला तसे नायरीने मर्डोला सांगितले, इकडे पंचवीस मिलिसेकंद मोकळे पडलेत, गाई कधीही आण. मर्डो म्हणाला, विण्याची वेळ जवळ आली आहे, आता हलवणे बरे नाही, शिवाय तिकडे एकशे सहा नंबर अजून कुंपणाबाहेर गेलेली नाही. तेव्हा गाई तिकडेच आहेत.

जून आणि जुलैची चराई मर्डोने रोख दिली. ऑगस्टचे एकोणीस डॉलर यायचे आहेत.